कोवळा की जून?

मार्च महिना आला की माझं झोपेचं वेळापत्रक कोलमडतं. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची बाद फेरीची स्पर्धा, म्हणजे 'मार्च मॅडनेस', आपल्याकडे पहाटे दिसते. साडेचारचा गजर, कानात हेडफोन, आणि मग सकाळच्या स्टँड-अप मीटिंगमध्ये जांभया. आई विचारते, "अरे, त्या पोरांशी तुझा काय संबंध?" खरंच काही नाही. मी स्वतः इंजिनिअरिंग कॉलेजच्या टीममधला बारावा खेळाडू. माझं मुख्य काम म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि टाळ्या. पण बेंचवर चार वर्षं बसल्याचा एक फायदा असतो, बघायची सवय लागते.

तर या स्पर्धेत दरवर्षी एक तरी पोरगा असा असतोच. वय एकोणीस-वीस, उंची साडेसहा फुटांच्या वर, हात लांबच लांब. उडी अशी मारतो की आपण खुर्चीत सरळ होऊन बसतो. आणि पुढच्याच मिनिटाला साधा पास हातातून सोडतो, नाहीतर उगाच फाउल करतो. कॉमेंटेटर ठरलेलं वाक्य टाकतो: रॉ आहे, पण काय ॲथलीट आहे! मग जूनमध्ये एनबीएचा ड्राफ्ट होतो. तीस संघ, दोन फेऱ्या. २००६ पासून नियम असा की ड्राफ्टच्या वर्षात खेळाडूला एकोणीस पूर्ण व्हायला हवीत आणि अमेरिकन मुलाच्या बाबतीत त्याच्या वर्गाची शाळा संपून एक वर्ष उलटलेलं हवं. त्यामुळे कित्येक जण कॉलेजात एकच वर्ष खेळून येतात. म्हणजे तीसेक मॅचेस बघून ठरवायचं की या पोराला करोडो डॉलर द्यायचे की नाही. आपण मोबाईल घेताना यापेक्षा जास्त रिव्ह्यू वाचतो!

२००६ चंच उदाहरण घ्या. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, ही सगळी गोष्ट मागाहून वाचली-पाहिलेली. लुइझियाना स्टेटचा टायरस थॉमस म्हणजे निव्वळ स्प्रिंग. त्याची गाठ पडली टेक्ससच्या लामार्कस ऑल्ड्रिजशी. जिंकणारा शेवटच्या चारात जाणार, अशी मॅच. थॉमसनं २१ गुण आणि १३ रिबाउंड काढले, ऑल्ड्रिजला जेमतेम ४ गुण मिळाले. टेक्सस ओव्हरटाइममध्ये हरलं. त्या उन्हाळ्यात शिकागोनं ऑल्ड्रिजला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि त्याच रात्री पोर्टलंडला देऊन टाकलं. बदल्यात चौथ्या क्रमांकावर निवडलेला थॉमस घेतला.

पुढे? ऑल्ड्रिज सात वेळा ऑल-स्टार झाला आणि कारकिर्दीत वीस हजारांवर गुण करून थांबला. थॉमसला २०१० मध्ये शार्लटनं पाच वर्षांचा, ४ कोटी डॉलरचा करार दिला आणि २०१३ मध्ये करार संपायच्या आधीच संघातून काढलं. उडी शेवटपर्यंत होती. पण जंप शॉट कधी भरवशाचा झाला नाही.

इथे मला माझा मामा आठवतो. आजोळ राजापूरकडचं, थोडीफार कलमं आहेत. लहानपणी आंबे काढताना मी मोठा, हिरवागार आंबा दाखवायचो आणि मामा म्हणायचा, "रंग काय बघतोस, देठ बघ." हिरवे आंबे दोन प्रकारचे. एक कोवळा, एक जून. लांबून दोघं सारखेच दिसतात. पण जून आंब्याचे देठाजवळचे खांदे भरलेले असतात, तो अढीत घातला की पिकतो. कोवळा काढलात तर अढीत आठ-दहा दिवस ठेवून नुसता सुरकुततो. इंग्रजीत 'रॉ' म्हटलं की दोन्ही एकाच पेटीत जातात. गोंधळ तिथेच आहे.

मग बास्केटबॉलमधलं देठ कुठलं? उडी नक्कीच नाही. उडी, धाव, हातांची लांबी हे सगळं ड्राफ्टच्या आधी इंचा-सेकंदात मोजून होतं. ज्या गोष्टीचा आकडा सगळ्या तीस संघांकडे आहे, तिच्यावरून शहाणपण कसलं दाखवणार?

मी पहिलं बघतो ते फ्री थ्रो. पंधरा फूट अंतर, समोर कुणी अडवणारा नाही, फक्त हात आणि रिंग. कवाय लेनर्ड सॅन डिएगो स्टेटला दोन वर्षं खेळला. पंजे अवाढव्य, बचाव जबरदस्त, पण लांबून तीन गुणांचे फटके पहिल्या वर्षी सुमारे २० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २९ टक्के. म्हणजे रॉ. पण दुसऱ्या वर्षी त्याचे फ्री थ्रो जवळपास ७६ टक्के होते. याचा अर्थ हातात स्पर्श होता, बिघाड फेकण्याच्या पद्धतीत होता. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर ठीक, ड्रायव्हर अपडेट करा. २०११ मध्ये तो पंधराव्या क्रमांकावर गेला. सॅन अँटोनियो स्पर्सनं जॉर्ज हिलसारखा हाताशी असलेला चांगला खेळाडू देऊन त्याला मिळवलं, आणि त्यांचे शूटिंग कोच चिप एंगेलंड यांनी त्याची फेक दुरुस्त केली. पहिल्याच मोसमात आकडा ३७ टक्क्यांच्या वर गेला, आणि तोही एनबीएच्या जास्त लांबच्या रेषेवरून. २०१४ आणि २०१९, दोन वेगवेगळ्या संघांकडून तो फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

दुसरं म्हणजे उतार, ग्राफचा उतार. आज किती येतं यापेक्षा गेल्या वर्षी किती येत होतं आणि आता किती. रसेल वेस्टब्रुक यूसीएलएत पहिल्या वर्षी बहुतेक बेंचवरच होता, सरासरी ३.४ गुण. दुसऱ्या वर्षी १२.७, शिवाय आपल्या विभागाचा सर्वोत्तम बचावपटू. २००८ मध्ये तो चौथा निवडला गेला तेव्हा अनेकांना ते जरा जास्तच वाटलं. २०१७ मध्ये तो एमव्हीपी झाला. गंमत म्हणजे त्याचा लांबचा फटका कारकिर्दभर साधारण तीस टक्क्यांवरच राहिला. सगळंच पिकतं असं नाही.

आणि हा उतारसुद्धा फसवू शकतो. हशीम थबीट, टांझानियाचा, सव्वासात फुटांचा. कनेक्टिकटला तीन वर्षं खेळला, दरवर्षी त्याचे गुण आणि रिबाउंड वाढले, शेवटच्या वर्षी मॅचमागे चारहून जास्त ब्लॉक. २००९ मध्ये मेम्फिसनं त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. मागे तिसरा जेम्स हार्डन, सातवा स्टीफन करी! एनबीएत थबीटची सरासरी २.२ गुणांवर थांबली. कॅमेरूनचा जोएल एम्बीडही असाच, उंच आणि उशिरा बास्केटबॉलकडे वळलेला. आधी व्हॉलीबॉल खेळायचा. कॅन्ससला अवघ्या २८ मॅचेस. पण त्या वर्षीच्या त्याच्या क्लिप्स बघा. पाय कसे टाकतो, खांद्याचा हूल देऊन कसा वळतो. थबीटचे आकडे त्याच्या उंचीचे होते. उंची वजा केली तर हातात फारसं उरत नव्हतं. एम्बीडची उंची वजा केली तरी खेळाडू शिल्लक राहत होता. तिसरी परीक्षा हीच, वजाबाकीची.

चौथी गोष्ट पोराच्या हातात नसतेच. अढी कुठली मिळते? एम्बीड दुखापतीमुळे पहिले दोन मोसम एकही मॅच खेळला नाही, फिलाडेल्फिया थांबली. २०२३ मध्ये तो एमव्हीपी झाला. लेनर्डच्या आसपास डंकन, पार्कर, जिनोबिली होते, म्हणून पहिल्या दिवसापासून रोज वीस गुण काढ असं त्याला कुणी म्हटलं नाही. थबीटला मात्र पहिल्याच मोसमात, फेब्रुवारी २०१० मध्ये, खालच्या लीगमध्ये पाठवलं. त्याला दुसरी अढी मिळाली असती तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकणार नाही. मग 'बस्ट' हा शिक्का फक्त पोराच्याच कपाळावर का?

आता म्हणाल, एवढं डोकं कशाला चालवायचं? कारण हेच काम मी छोट्या प्रमाणात करतो. दोन वर्षांपासून कंपनीतर्फे कॅम्पस इंटरव्ह्यूला जातो. तिथेही डंक मारणारे असतात. फाडफाड इंग्रजी, तोंडपाठ उत्तरं, पॅनेल खूश. मागच्या सप्टेंबरात एक मुलगा आला, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला. वाक्य अर्धं मराठीत, अर्धं घामात. लिंक्ड लिस्टमध्ये लूप आहे हे कसं शोधशील, विचारलं. येत नव्हतं. मी हिंट दिली, एक पॉइंटर हळू चालव, एक जोरात. पाच मिनिटांत जमवलं. मग दुसऱ्या गप्पा मारल्या, आणि अर्ध्या तासानं सहज विचारलं, लिस्टचा मधला नोड एकाच फेरीत कसा काढशील? तो दोन सेकंद थांबला आणि म्हणाला, "सर, तेच दोन पॉइंटर."

मला देठ दिसलं. सोबतचे सर म्हणाले, "कम्युनिकेशन वीक आहे, क्लायंटसमोर कसा उभा करणार?" मुद्दा खोटा नव्हता. पण सव्वासात फुटी उत्तरं देणारे त्या दिवशी आम्ही चार घेतलेच होते. बरीच घासाघीस झाली, शेवटी पाचवा हा घेतला.

'पोटेन्शियल आहे' हे कौतुक वाटतं खरं, पण ते पोराच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. सही आपली, हप्ते त्यानं भरायचे. म्हणून मी मॅनेजरला सांगून त्याला माझ्याच शेजारी बसवून घेतलंय. रोज संध्याकाळी अर्धा तास त्याचा कोड बघतो, आणि शुक्रवारी त्यानं टीमला इंग्रजीत पाच मिनिटं काहीतरी समजावून सांगायचं. पहिले दोन शुक्रवार भयंकर होते. गेल्या शुक्रवारी त्याला कुणीतरी प्रश्न विचारला आणि त्यानं माझ्याकडे न बघता उत्तर दिलं.

पिकेल की नाही, आत्ताच सांगता येत नाही. जून आहे, एवढं मी लिहून दिलंय. पुढे बिघडलं तर आधी अढी तपासायची, असं मॅनेजरलाही सांगून ठेवलंय.