गोशाळेतली सुई आणि अनर्थदंड



अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंचा विषय निघाला की आपल्या महिला मंडळात कुणीतरी म्हणतेच, "हे कोंबड्या खाणाऱ्यांचे दुखणे. आपला काय संबंध?" आपल्या घरात अंडेसुद्धा येत नाही, हे खरे. पण दूध येते, दही-तूप येते, शेणखतावर वाढलेली मेथी-कोथिंबीर येते. शिवाय पर्युषणात आपण गोशाळेच्या औषधांसाठी हात सैल सोडून दान देतो. तेव्हा संबंध आहे, आणि जवळचा आहे.

अँटिबायोटिक दिले की बहुतेक जंतू मरतात. ज्यांना ते औषध बाधत नाही ते मागे उरतात आणि त्यांचीच संख्या वाढते. एवढेच असते तर गोठ्यातले गोठ्यात राहिले असते. पण जंतू ही ताकद एकमेकांना देऊ शकतात, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही. गोठ्यात तयार झालेली ताकद धार काढणाऱ्याच्या हातावरून, कच्च्या दुधातून, शेणातून, पाण्यातून माणसाच्या पोटातल्या जंतूपर्यंत पोहोचू शकते. माणसाकडून जनावराकडेही ती तशीच जाते.

कोलिस्टिनचे उदाहरण घ्या. हे जुने औषध. दुसरी औषधे हरली की मोठ्या दवाखान्यात आज डॉक्टर ते शेवटचे म्हणून काढतात. चीनमध्ये ते जनावरांच्या खाद्यातून सर्रास दिले जात होते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की कोलिस्टिन निकामी करणारे एक जनुक डुकरांमध्ये, बाजारातल्या मांसात आणि रुग्णांमध्येही सापडले आहे. आपल्याकडेही कोंबड्या लवकर भराव्यात म्हणून ते खाद्यात घालत. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्य यांच्यासाठी कोलिस्टिन बनवण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली. त्याच २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट अशा औषध न लागू पडणाऱ्या जंतूंमुळे गेली, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. ज्यांनी कधी मांस खाल्ले नाही त्यांनाही हे जंतू सोडत नाहीत. दवाखान्यातल्या खाटेवर शाकाहारी-मांसाहारी असा भेद नसतो.

जनावराला दिलेले औषध जनावरापाशी थांबत नाही, हे आपण गिधाडांच्या वेळी पाहिलेच आहे. दुखऱ्या गुरांना डायक्लोफेनॅक देत, तेही दयेपोटीच. ते जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर गिधाडे जवळजवळ संपली होती. ते अँटिबायोटिक नव्हे, पण धडा तोच.

आता आपल्या दुधाकडे येऊ. गायीला अँटिबायोटिक देण्याचे एक मोठे कारण म्हणजे कासदाह. आपल्या अजिंठ्याकडे काही जण त्याला दगडी म्हणतात, कारण कास दगडासारखी घट्ट होते. सुई दिल्यावर त्या गायीचे दूध ठरावीक दिवस विकायचे नसते. किती दिवस, ते त्या त्या औषधाप्रमाणे ठरते आणि गुरांचे डॉक्टर ते सांगतात. पण दूध ओतून देणे कुणाला परवडते? मग ते थेट बरणीत येते. उकळल्याने जंतू मरतात, पण औषधाचा अंश सगळा जात नाही. दह्याचे विरजणही जिवाणूंचेच असल्यामुळे अशा दुधाचे दही कधी कधी लागतच नाही. थंडीमुळे किंवा विरजण बिघडल्यामुळेही दही लागत नाही, म्हणून लगेच दूधवाल्यावर आळ घेऊ नका. पण त्याला विचारायला हरकत नाही.

इथे एक धर्माचा प्रश्न येतो. आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्तानंतर जेवत नाही, कंदमुळे टाळतो, ते सूक्ष्म जीवांचाही विचार करून. मग औषध देऊन जंतू मारणे कसे चालते? गृहस्थाला काही हिंसा टळत नाही, हे आपला धर्म जाणतो. आजारी गाय तळमळत ठेवणे ही दया नव्हे, तिला औषध मिळालेच पाहिजे. पण श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण हे एक व्रत आहे. कारणावाचून केलेली हिंसा सोडायची, असा त्याचा अर्थ. गरज नसताना टोचलेली सुई, 'असू द्या, सावध बरे' म्हणून दिलेला डोस, बरे वाटताच अर्धवट सोडलेला कोर्स, हे सगळे मला अनर्थदंडच वाटतात. मारायचे ते जंतू पुरते मरत नाहीत, निरुपद्रवी मात्र मरतात, आणि उरलेले पुढे कुणाच्या तरी लेकराला भोवतात.

आमच्या मंडळाचे हिशेब मी लिहिते. बी.कॉम. झाल्याची एवढी खूण उरली आहे. गेल्या वर्षी एका गोशाळेच्या बिलात अँटिबायोटिकची खोकीच्या खोकी दिसली, पण डॉक्टरांची चिठ्ठी एकही नव्हती. मी म्हटले, पुढचे पैसे चिठ्ठीवर द्यावेत. जाऊबाई रागावल्या. "औषधाला नाही म्हणणे म्हणजे जीवदयेला नाही म्हणणे," त्या म्हणाल्या. तो राग खोटा नव्हता. त्यांनी तिथे मरणाऱ्या गायी पाहिल्या आहेत. बरीच चर्चा झाली. शेवटी ठरले की औषधाचे पैसे थांबवायचे नाहीत, पण आधी पशुवैद्यकांच्या भेटीचे शुल्क द्यायचे, औषध ते लिहितील ते. उरलेल्या पैशातून दावणीखाली कोरडा मुरूम, शेणमूत वाहून जायला नाली आणि कास पुसायला स्वच्छ फडकी. कासदाह बराचसा ओल्या, घाण जमिनीमुळे आणि न धुतलेल्या हातांमुळे होतो. दुखणे आलेच नाही तर सुईही नको, दूध ओतणेही नको. जाऊबाई अजून पुरत्या राजी नाहीत, पण मुरमाच्या खेपा त्याच मोजून घेतात.

आपण प्रत्येकीने तीन गोष्टी कराव्यात, एवढेच मागणे आहे. दान देताना गोशाळेला विचारावे, "औषध कोण लिहून देतो?" दूधवाल्याला सांगावे, "गायीला सुई दिली की मला सांग. ते दूध नको, पण त्या दिवसांचे पैसे मी कापणार नाही." पैसे कापले तर तो खरे सांगणार नाही, हे कोणत्याही हिशेबात कळते. आणि स्वतःच्या घरात, ज्या गोळ्यांच्या पाकिटावर लाल रेघ आहे त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत आणि शेजारणीलाही देऊ नयेत.

पर्युषणाची वर्गणी गोळा होण्याआधी आपापल्या मंडळात हे बोलून घ्या.

जय जिनेंद्र.