आठमाही पाण्याची वाट

नांदेडहून लातूरकडे निघालं की विष्णुपुरीजवळ गोदावरी पाहायला थांबावंच. बंधाऱ्यामागे अडलेल्या या पाण्याचं नाव शंकरसागर. पंपांनी उचलून ते नांदेड, लोहा, कंधारच्या रानांवर चढवलं जातं.

ज्यांचं नाव जलाशयाला आहे ते शंकरराव चव्हाणही गोदाकाठचेच; १९२० साली पैठणला जन्मलेले. हैदराबादला कायदा शिकले आणि निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरले. नांदेड तेव्हा सरहद्दीचा मुलूख. पैनगंगा ओलांडली की निजामाच्या अमलाबाहेरचं वऱ्हाड. त्यामुळे लढ्याचा कॅम्प पलीकडे, उमरखेडला होता. शंकरराव त्याच कॅम्पातले कार्यकर्ते. सप्टेंबर १९४८मध्ये संस्थान गेलं. हा वकील नांदेडचा नगराध्यक्ष आणि पुढे राज्याचा पाटबंधारे मंत्री झाला. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं, तेव्हा मुख्यमंत्री शंकररावच होते. शिस्तीमुळे लोक त्यांना हेडमास्तर म्हणत.

लोहा, माळाकोळी मागे पडतात. बालाघाटच्या चढउतारांवर सोयाबीन आणि तूर. अहमदपूर, चाकूर ओलांडून लातूर जवळ आलं की उसाच्या ट्रॉल्या वाट अडवू लागतात. शहराला खेटून बाभळगाव आहे. तिथले सरपंच विलासराव देशमुख पुढे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मांजरा सहकारी साखर कारखान्याने इथल्या शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला. पत्र्याच्या घरावर स्लॅब पडला, पोरं शिकवणीला लातुरात आली. उसाला नावं ठेवणाऱ्याने हेही पाहावं.

पण एप्रिल २०१६मध्ये याच शहराची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. मांजरा धरण आटलं होतं. पाऊस सलग दगा देत होता हे खरं. पण बारमाही पिणारं पीक अवर्षणाच्या मुलखात किती लावायचं, हा हिशेब पावसाचा नव्हता.

तो हिशेब शंकररावांनी आधीच मांडला होता. मुख्यमंत्री म्हणून १९८६ ते ८८ या दुसऱ्या कारकिर्दीत त्यांनी आठमाही पाण्याचा आग्रह धरला: कालव्याचं पाणी खरीप-रब्बीला द्या, उन्हाळ्यात उसाला नको, म्हणजे तेच पाणी जास्त शेतांना पुरेल. साखरपट्ट्याला ते रुचलं नाही. आज लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात आणि प्रत्येकावर धरणं मागणारी माणसं भेटतात. धरण बांधणाऱ्याच्या नावाने जलाशय झाला. त्याने घालून दिलेली पाण्याची वाटणी मात्र कुणी मागत नाही.