ऐंशी लिटरचा अर्थसंकल्प

शासकीय सेवेत पाण्याविषयी मी पुष्कळ लिहिले आहे. योजनांच्या वित्तीय छाननीच्या निमित्ताने माणशी इतके लिटर, हजार लिटरमागे इतका खर्च, अशा कितीतरी टिपणांवर माझ्या सह्या आहेत. मलनिःसारणाची व्यवस्था असलेल्या शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटर. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी ५५ लिटर. त्यापूर्वी कित्येक वर्षे हाच आकडा ४० होता. आपत्तीच्या छावण्यांसाठी जगभर मानला जाणारा किमान आकडा १५. हे सर्व मला मुखोद्गत होते. जून २०२२ मध्ये मी स्वतः माणशी ८ लिटरवर पाच दिवस काढण्याचे ठरविले आणि तिसऱ्याच दिवशी माझा अर्थसंकल्प कोसळला. त्याची ही हकीकत.

आम्ही करोल बागेत भाड्याच्या घरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. (सरकारी निवासस्थान का सोडले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, असो.) तळमजल्यावर अण्णा राहतात. ते खानापूर तालुक्यातले, गलाई व्यवसायातले. दिल्लीबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे, तर बीडनपुरा, रेगरपुरा या करोल बागेच्या गल्ल्यांत दागिने घडविणाऱ्यांची दाटी आहे आणि सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामात सांगली जिल्ह्यातील मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. विटा, खानापूर, आटपाडी हा सगळा अवर्षणाचा पट्टा. शेताने पोट भरेना म्हणून ही माणसे भट्टी आणि मूस घेऊन देशभर पांगली. त्यांच्या मुलखात कृष्णेचे पाणी उचलून नेणारी टेंभू योजना १९९६ पासूनची. आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने पाणी परिषदा भरू लागल्या त्याही नव्वदच्याच दशकात. अण्णांनी गाव सोडले ते त्याच्या पुष्कळ आधी.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षी ॲडम स्मिथचे १७७६ चे कोडे शिकवितात : पाणी जीवनावश्यक असून स्वस्त, हिरा निरुपयोगी असून महाग, हे कसे? उत्तर सीमांत उपयोगितेत आहे, असे मी परीक्षेत लिहिले आणि गुणही मिळविले. अण्णांच्या दुकानात मात्र हे कोडे फार वेगळ्या रूपात दिसते. तेथे कारागिराने हात धुतलेले पाणी फेकत नाहीत. एका टाकीत साठवितात, गाळ बसू देतात आणि त्या गाळातून सोन्याचे कण काढतात. म्हणजे पाणी जपायचे ते सोन्यासाठी. पण ही सवय अण्णांच्या घरातही आहे आणि तेथे तर सोने नाही. तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला, भाजीचे पाणी फरशीला, असा त्यांच्याकडचा क्रम ठरलेला आहे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये हरियाणातील आंदोलनात मुनक कालव्याची नासधूस झाली आणि दिल्लीच्या शुद्धीकरण केंद्रांना कच्चे पाणी मिळेनासे झाले. २२ तारखेला शाळांना सुट्टी द्यावी लागली. कालवा ताब्यात घेण्यासाठी लष्कर गेले. त्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवरील काळ्या टाक्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या. अण्णांनी मात्र दोन पिंपे आधीच भरून झाकून ठेवली होती. बातमी ऐकून नव्हे. ती नेहमीच भरलेली असतात. ‘‘नळ हाय म्हणून पिंप मोडायचं नसतं,’’ एवढेच ते म्हणाले. त्या पिंपांतून आमच्या घरीही रोज दोन कळश्या आल्या.

आता गाडीकडे वळू. मुले आपापल्या मार्गाला लागल्यावर आम्हा उभयतांना हिमालयात सावकाश हिंडण्याची इच्छा झाली. तंबू ठोकण्याचे वय राहिले नव्हते, हॉटेलांची हौस नव्हती. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, ते मी (कामाचा भाग नसतानाही) वाचले. पाणी, वीज, रस्ता असलेले कॅरव्हॅन तळ ही कल्पना मला फार आवडली. स्पितीत आम्हाला असा तळ मिळणार नव्हता, ही गोष्ट वेगळी. एक जुनी व्हॅन घेतली. करोल बागेत राहणाऱ्याला ती सजविण्यासाठी लांब जावे लागत नाही. मोटारीच्या सामानाचा एवढा मोठा बाजार दारातच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, म्हणून पलंग, ओटा, टाकी सारे काही बोल्ट काढताच बाहेर येईल असे करून घेतले. मिस्त्रीला कलम ५२ समजावून सांगताना माझे दोन रविवार गेले.

पाण्याची व्यवस्था माझ्याकडे होती. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, म्हणून ऐंशी लिटरची खाद्यपदार्थांच्या दर्जाची टाकी मागच्या चाकांच्या शक्य तितकी जवळ, खाली बसविली. शेतकऱ्यांच्या पाठीवरच्या फवारणी यंत्रात असतो तो बारा व्होल्टचा छोटा पंप, वर चकचकीत नळ आणि टाकीत पाणी किती आहे हे दाखविणारे चार दिवे. मग कोष्टक. माणशी पिण्यास ३ लिटर, चहा-स्वयंपाकास २, भांड्यांस दीड, हातातोंडास दीड, एकूण ८. दोन माणसे, पाच दिवस : ऐंशी लिटर. आंघोळीऐवजी ओला पंचा. बेरीज अचूक होती. पिण्याचे ३ लिटर मात्र सौभाग्यवतींच्या बाबतीत कमी करता येण्याजोगे नव्हते. त्यांना मूतखड्याचा त्रास होऊन गेला होता आणि पाणी कमी पडू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते.

अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली, नळ सोडून पाहिला आणि लगेच बंद केला.

‘‘साहेब, टाकी किती मोठी ते ऱ्हाऊ द्या. तोटी कुणाच्या हातात हाय?’’

मी म्हणालो, ‘‘दोघांच्याही.’’

‘‘मग कुणाच्याच न्हाई. आमच्या दिंडीत टँकरच्या तोटीपाशी एक म्हातारा बसवत्यात. तो कुणाला न्हाई म्हणत न्हाई, पण त्यो बसलेला असतो.’’

निघण्याच्या आदल्या रात्री त्यांनी पाच-पाच लिटरचे दोन भरलेले कॅन आणून दिले. झाकणांवर फडके बांधले होते. ‘‘हे गाडीचे न्हाईत, वहिनींचे हायत,’’ असे त्यांनी मला उद्देशूनच सांगितले.

पहाटे सामान लावताना घडीच्या दोन खुर्च्यांना जागा पुरेना. ऐंशी लिटर असताना आणखी दहा लिटर कशाला, असा हिशेब करून मी एक कॅन उचलला आणि जिन्याखाली विजेच्या मीटरांच्या आड ठेवून दिला. पत्नीला सांगितले नाही. टिपणावर प्रतिकूल शेरा येण्याची शक्यता असली, की फाइल कोणत्या वेळी पुढे सरकवावी, हे नोकरीत अंगवळणी पडते.

शिमला, रामपूर, नाको, ताबो असे मुक्काम करीत आम्ही काझाला पोहोचलो. तेथे टाकी काठोकाठ भरली आणि कोष्टकाचा पहिला दिवस सुरू झाला. दोन रात्री पिन खोऱ्यात काढल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी लोसरला चहा घेतला. कुंझुम खिंडीपूर्वीचे हे शेवटचे गाव. ‘‘अहो, इथे पाणी भरून घेऊ या,’’ पत्नी म्हणाली. मी दिवे पाहिले. चारांपैकी तीन लागलेले. अडीच दिवसांत निम्मे पाणी संपायला हवे होते आणि येथे तर पाऊण टाकी शिल्लक! आपण अंदाजापेक्षा काटकसर केली, याचे मला कौतुक वाटले. वर्षाअखेरीस एखाद्या कार्यालयाच्या खात्यावर अशी अनपेक्षित शिल्लक दिसली असती, तर मी तत्काळ खुलासा मागविला असता. येथे मागविला नाही.

खुलासा अगदी साधा होता. गाडी चढावर उभी होती, नाक वर करून. पातळी मोजणारी दांडी टाकीच्या मागच्या टोकाला होती. उरलेसुरले पाणी सगळे तिकडे जमा झाले होते.

लोसर सोडल्यावर तासाभरात रस्ता अडला. दुपारी उन्हाने बर्फ वितळते आणि सकाळी घोट्याएवढे असलेले नाले सायंकाळपर्यंत दगडगोटे घेऊन वाहू लागतात. समोरच्या नाल्याने रस्त्यावर दगडांची रास आणून टाकली होती. दोन मालट्रक आणि आमची व्हॅन, एवढेच वाहन. यंत्र सकाळी येईल, असे कोणी म्हणे. दोन दिवस लागतील, असेही कोणी म्हणे. मी चहासाठी नळ सोडला. पंप घरघरला, दोन घोट पाणी आले आणि मग नुसती हवा. चटई उचलली तेव्हा खाली सारे ओले. खडबडीत रस्त्याने नळीचा क्लिप सैल झाला होता आणि तीन दिवस ते पाणी गुपचूप ठिबकत होते. सारीच गळती क्लिपची नव्हती. चकचकीत नळाखाली मी दोन्ही वेळा दाढीचे सामान आणि पाय सढळ हाताने धुतले होते, हेही नोंदविले पाहिजे.

पत्नीने पलंगाखालून कॅन ओढून काढला. हात आत घालून चाचपले.

‘‘अहो, दुसरा कुठाय?’’

मी सांगितले. ती काही बोलली नाही. फडके सोडले, एक पेला मला दिला, अर्धा स्वतः घेतला आणि कॅन आपल्या उशाशी ठेवला. त्या क्षणापासून तोटी कोणाच्या हातात आहे, याविषयी संदिग्धता उरली नाही.

हाताशी पाच लिटर, मुदत अज्ञात. अशा वेळी माणशी सरासरी काढता येत नाही, कारण भाजक कोणता धरायचा हेच ठाऊक नसते. माझ्या कोष्टकात दिवस पाच होते आणि ते निश्चित होते. राखीव असा रकानाच नव्हता. पत्नी मात्र पेला अर्धाच भरीत राहिली. रात्री अकराच्या सुमारास ती कुशीवर वळली आणि तशीच दबून राहिली. ‘‘दुखतंय का?’’ ‘‘थोडं.’’ ती ‘थोडं’ म्हणते तेव्हा किती असते, हे एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मला कळते. आपल्या वाट्याचे पाणी ती माझ्यासाठी राखत होती.

मी बाहेर पडलो. एक ट्रकचालक जागा होता. नाल्याचे पाणी म्हणजे राखाडी चिखल, पण तो म्हणाला, ‘‘साहब, पानी को बैठने दो.’’ त्याची बादली दोराने सोडून भरली. गाळ बसविण्यासाठी माझ्या दाढीच्या पेटीतील तुरटीचा खडा फिरविला आणि तासभर टॉर्च लावून मी त्या बादलीपाशी बसून राहिलो. तीस वर्षांत कोणत्याही फाइलसाठी मी इतका वेळ इतका स्वस्थ बसलो नसेन. वरचे निवळ पाणी फडक्यातून गाळून शेगडीवर ठेवले. एवढ्या उंचीवर पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळते, म्हणून उकळी फुटल्यावर पुरती तीन मिनिटे घड्याळ लावून थांबलो. कोमट झाल्यावर पेला पुढे केला.

‘‘हे तुझं. कॅन तसाच राहू दे.’’

चव लोखंडाची होती. तिने पुरा पेला घेतला, पाठोपाठ दुसरा. पहाटेपर्यंत मी तीन वेळा हा उद्योग केला. चौथ्या खेपेची गरज पडली नाही. थंडीने वरचे वितळणे थांबले होते आणि नाला शांत, काचेसारखा वाहत होता. ट्रकचालकाने बादली भरताना हसून सांगितले, की डोंगरात पाणी सकाळीच भरायचे असते. दहाच्या सुमारास यंत्राने दगड बाजूला केले. पत्नीचे दुखणे तोवर ओसरले होते. नाला ओलांडण्याआधी मी टाकीत ऐंशी लिटर भरले आणि सपाट जागी गाडी आणून मग दिवे पाहिले.

परतलो त्या सायंकाळी करोल बागेत नळाला पाणी आले होते, सगळ्या मजल्यांचे पंप एकदम सुरू होते. जिन्याखाली मीटरांच्या आड पाहिले, कॅन नव्हता. तेवढ्यात अण्णा तो घेऊन दारात आले. आम्ही निघालो त्याच सकाळी त्यांना तो दिसला होता.

‘‘दर चौथ्या दिवशी पाणी बदललंय,’’ असे म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला नाही. पत्नी मागे उभी होती, तिच्या हातात दिला.