माडीवरील अमेरिकन बिऱ्हाडकरू

आपल्यापैकीं कोणी अमेरिकेस गेला म्हणजे त्याच्या मागोमाग त्याचें प्रवासवर्णन येतें, असा आपल्या भाषेचा आतां शिरस्ताच पडून गेला आहे. तेथील बर्फ, तेथील रस्ते, तेथें मिळणाऱ्या व न मिळणाऱ्या भाज्या यांची माहिती आमच्या लोणारसारख्या गांवांतील गृहिणींनाहि तोंडपाठ असते. परंतु तिकडचा मनुष्य इकडे येऊन आपल्या घरीं चार महिने राहिला, तर त्याच्यावर कोणकोणते प्रसंग गुदरतात, हें लिहून ठेवण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वाघ, सर्प आणि संस्थानिक यांच्या कथा त्यांच्या पुस्तकांतून पुष्कळ सांपडतात. पण अशा मनुष्याची खरी त्रेधा उडते ती पाण्याचा तांब्या कोठें ठेवावा, एवढ्या प्रश्नानें. आमच्या माडीवर असा एक बिऱ्हाडकरू १९८६ च्या कार्तिकापासून पांच महिने होता. त्याची ही हकीकत आहे.

अमेरिकन मनुष्य महाराष्ट्रास नवा नाहीं. त्यांचे पहिले मिशनरी मुंबईस उतरले ते १८१३ सालीं. पुढें बुलढाण्यासहि त्यांच्या एका पंथाचें ठाणें होतें, आणि शेजारच्या वाशीमास त्यांचें रुग्णालय निघालें. हे सारे आम्हांस कांहीं द्यावयास आले होते. आमचे बिऱ्हाडकरू मात्र केवळ एक खड्डा पाहण्यासाठीं आले होते.

त्या खड्ड्याविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. लोणारचें विवर सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंद आणि दीडशें मीटर खोल असून त्याच्या तळाशीं खाऱ्या पाण्याचें सरोवर आहे. मेहकर सरकारांतील या तळ्यांत कांच व साबण करण्याचे क्षार सांपडतात, अशी नोंद ‘आइन-इ-अकबरी’त आहे. गिल्बर्ट नांवाच्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञानें १८९६ सालीं आपल्या देशांतील ॲरिझोनाच्या विवराशीं याची तुलना केली होती; पण दोन्हीहि ज्वालामुखीचीं कृत्यें, असेंच तेव्हां त्याचें मत पडलें. नंतर येथें भोंकें पाडून खालचा खडक वर काढण्यांत आला, तेव्हां आघातानें कांच बनलेले स्फटिक त्यांत आढळले, आणि १९७३ सालीं फ्रेड्रिकसन, मिल्टन व त्यांचे भारतीय सहकारी यांनीं हें विवर उल्कापातानेंच झालें असें प्रसिद्ध केलें. आपल्या काळ्या पाषाणांत पडलेलें आणि इतकें चांगलें टिकलेलें असें विवर पृथ्वीवर दुर्मिळ आहे. चंद्रावर मात्र तसल्याच खडकांत पडलेलीं विवरें असंख्य. म्हणून चंद्रावर जाऊन आलेल्या राष्ट्राला लोणारचें अगत्य. त्या वेळीं विवराचें वय पन्नास हजार वर्षें सांगत. अलीकडे तें पांच लाखांच्याहि वर गेलें आहे.

आमचे पाहुणे हे विवराच्या कांठावर उडून पडलेला दगडधोंडा मोजणारे तरुण संशोधक. सरकारी विश्रामगृहांत महिनोन्महिने राहतां येईना, आणि आमची माडी रिकामी होती. तीर्थरूप तेव्हां नुकतेच मास्तरकीतून निवृत्त झाले होते व आम्ही नुकतेच त्या पेशांत शिरलों होतों. विद्यार्थी मनुष्य आहे, राहूं द्या, असें तीर्थरूपांनीं ठरविलें. आजीला विचारलें तेव्हां तिनें एकच प्रश्न केला, “काय खातो?” येथें राहीपर्यंत अभक्ष्य खाणार नाहीं असें वचन मिळाल्यावर तिनें किल्ली काढून दिली.

त्यांचें खरें नांव आम्ही देत नाहीं. आजीस तें कधीं उच्चारतांहि आलें नाहीं. वर्णानें गोरे, आणि रोज संध्याकाळीं गुडघ्यापर्यंत चिखलानें माखून परत येत. तेव्हां घरांतल्या मुलांनीं दुसऱ्याच दिवशीं त्यांस ‘गोरोबाकाका’ करून टाकलें. सबंध गांवांत तेंच नांव चाललें. आपण कोणत्या थोर पुरुषाच्या नांवानें वावरत आहों, हें त्यांस महिन्याभरानें कळलें. तेव्हां ते बरेच ओशाळले.

पहिलें संकट हाताचें. गोरोबाकाका डावखुरे. पहिल्याच जेवणास त्यांनीं डाव्या हातानें वरणभात कालविला, आणि पंगतीची बोलती बंद झाली. आजी कांहीं बोलली नाहीं. तिनें फक्त त्यांचें ताट उचलून त्यांच्या उजव्या अंगास सरकविलें. त्यानंतर तीन आठवडे हा सहा फूट उंचीचा पदवीधर लहान मुलाप्रमाणें उजव्या हातानें घास उचलण्याचा अभ्यास करीत होता, आणि निम्मा भात ताटाबाहेर सांडत होता. धाकट्या पुतण्याला जेवावयास शिकवण्याचेंहि तेंच वर्ष असल्यामुळें दोघांची चढाओढ लागली. पुतण्या जिंकला.

दुसरें संकट सोंवळ्याचें. आजीचें स्वयंपाकघर म्हणजे एक स्वतंत्र राज्य होतें. गोरोबाकाका मोजणीचे मनुष्य. त्यांनीं आम्हांस विचारलें कीं, ही हद्द नेमकी कोठून सुरू होते? आम्हांस सांगतां येईना. उंबरा म्हणावा, तर सकाळीं आजीचा स्वयंपाक चाले तेव्हां ती मधल्या खोलीच्या निम्म्यापर्यंत पसरे, आणि दुपारीं आवरासावर झाली कीं पुनः मागें जाई. पापडांच्या दिवसांत तर ती अंगणांत येत असे. त्यांनीं आठ दिवस निरीक्षण करून आम्हांस सांगितलें कीं, हद्द जागेची नसून वेळेची आहे. हा सिद्धांत आम्ही आजीस कळविला. ती म्हणाली, “एवढं कळायला आठ दिवस कशाला हवे होते?”

उलट, विवराविषयींचें आजीचें ज्ञान ते आदरानें उतरून घेत. लवणासुर भूमीखालीं दडून राहत असे. विष्णूनें पायाच्या अंगठ्यानें त्याच्या बिळाचें झांकण उडविलें, तें जाऊन पडलें ढाकेफळाजवळ. हा सर्व वृत्तांत त्यांनीं वहींत लिहिला आणि झांकण कोणत्या दिशेस गेलें तें होकायंत्रानें पाहिलें. आम्ही हसूं लागलों, तेव्हां ते गंभीरपणें म्हणाले कीं, येथें स्फोट होऊन जमीन उडाली हें गांवानें आमच्या पुष्कळ आधीं ओळखलें होतें.

आतां भाषेकडे वळूं. त्यांच्या झोळींत मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनीं मिळून रचलेलें, १९७५ सालीं निघालेलें मराठीचें व्याकरण होतें. जाईताई या इरावतीबाई कर्वे यांच्या कन्या. बर्नसनबाई मूळच्या अमेरिकन. १९६१ सालीं हिंदुस्थानांत आल्या, फलटणास राहिल्या, तेथील निरनिराळ्या समाजांच्या बोलींतील भेद हा विषय घेऊन पेनसिल्व्हानिया विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनीं मिळविली, येथील नागरिकत्वहि घेतलें. त्याच १९८६ सालीं त्यांनीं फलटणास मराठी माध्यमाची शाळा काढून तिला कमला निंबकर यांचें नांव दिलें. आणि या कमलाबाईहि जन्मानें अमेरिकन एलिझाबेथ लंडी, निंबकरांशीं विवाह करून इकडच्या झालेल्या. पुढें आमच्या नातवास इंग्रजी शाळेंत घालावयाचें ठरलें, तेव्हां ही सर्व हकीकत आम्ही सूनबाईंस सविस्तर सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली, आणि नातू इंग्रजी शाळेंत गेला.

गोरोबाकाकांची अडचण अशी कीं, पुस्तकांतील मराठी आमच्या ओसरीवर चाले, परंतु बाजारांत चालेना. भाजीवाली म्हणे, “तुले काय पायजे?” तेव्हां ते पुस्तक उघडून ‘तुले’ शोधूं लागत. दोन महिन्यांत त्यांना वऱ्हाडीहि आली. पण कोणती कोठें वापरावी याचा मेळ बसेना. एके दिवशीं त्यांनीं माडीवरून उतरतांच आजीस “मले भूक लागली” असें सांगितलें, आणि लगेच बाजारांत जाऊन मेथीच्या जुडीस “आपण ही कितीस देतां?” असें विचारलें. दोन्हीकडे सारखाच हशा झाला.

पण सर्वांत अवघड गांठ निराळीच होती. इंग्रजींत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांस एकच शब्द. संस्कृताचें व्याकरण आम्ही लहानपणीं घोटलेलें. तेथें द्विवचनाचें वैभव आहे, ‘आवाम्’ आहे, ‘वयम्’ आहे, परंतु ऐकणारा आंत कीं बाहेर, हा भेद नाहीं. हिंदींतहि ‘हम’ एवढ्यावर काम भागतें. मराठींत व गुजराथींत तो आहे, आणि तेलुगु, तामिळ या भाषांतहि आहे. आपल्याकडे तो दक्षिणेच्या शेजारानें आला असें विद्वान् म्हणतात. आम्ही जन्मभर शिकवीत आलों, पण त्या शब्दाची धार आम्हांस दाखविली ती या परदेशी मनुष्यानें. घरांतील कोण कोणत्या वेळीं आपल्याशीं बोलतांना ‘आम्ही’ म्हणतें व कोण ‘आपण’ म्हणतें, याचें टिपण ते ठेवीत. मुलें पहिल्या दिवसापासून ‘आपण तळ्यावर जाऊं’ म्हणत. तीर्थरूप संभाळून बोलत. आजी नेहमीं ‘आम्ही’. “आमच्यांत असं करीत नाहींत,” “आमच्याकडे आज उपास.” त्यांत राग नसे, जें आहे तें ती सांगत असे.

माघांत आजोबांचें वर्षश्राद्ध आलें. आमचे एक दूरचे वडील आप्त होते. धाकट्या बहिणीच्या विवाहाची बोलणी त्यांच्याच मध्यस्थीनें चाललीं होतीं. त्यांचा निरोप आला कीं, म्लेंच्छ डोक्यावर राहत असतां त्या घरीं आम्ही पाणी घेणार नाहीं. आणि मुलाकडच्यांच्या कानांवरहि हें जाईलच. तीर्थरूप दोन दिवस जेवले नाहींत म्हटलें तरी चालेल. मुलीचा प्रश्न होता. पाहुण्यांस चार दिवस विश्रामगृहांत पाठवावें, असें त्यांच्या मनानें घेतलें. गोरोबाकाकांस हें न सांगतांच समजलें. त्यांनीं वळकटी बांधून जिन्याशीं आणून ठेविली.

आजी त्या वेळीं वाती करीत बसली होती. तिनें विचारलें, “श्राद्ध कुणाचं?” कोणी बोलेना. “माझ्या घरच्यांचं. ते असतांना जेवणाच्या वेळीं आलेला माणूस या दारातून उपाशी गेला नाहीं. त्यांच्या दिवशीं कुणाला घालवून द्यायचं, हें दुसऱ्यानं सांगूं नये.” मग वळकटीकडे पाहून म्हणाली, “ती वर ठेव, अरे. ब्राह्मण उठले कीं आपण सगळे जेवूं.”

गोरोबाकाका जिन्यावर उभेच राहिले. त्या दिवशीं त्यांनीं टिपण केलें कीं नाहीं, हें आम्हांस ठाऊक नाहीं.

हें वाचून कोणी असें समजूं नये कीं, त्या दिवसापासून सोंवळें संपलें. श्राद्धाच्या दिवशीं त्यांचें पान ओसरीवरच मांडलें होतें, आणि तें त्यांनीं स्वतःच उचललें. आजी आमरण त्यांच्या हातचें पाणी प्यायली नाहीं. ते आप्त आले नाहींत. बहिणीचें तें स्थळ मोडलें, आणि दुसरें जमेपर्यंत दोन वर्षें गेलीं. त्या दोन वर्षांत मातुश्रींनीं आजीस एका शब्दानेंहि बोल लाविला नाहीं, पण घरांत एक प्रकारची शांतता असे, ती आम्हांस अजून आठवते. बहीण स्वतः मात्र म्हणे कीं, बिऱ्हाडकरूच्या नांवानें मोडणारें स्थळ आधींच मोडलें तें बरें झालें. आमचेंहि मत तिच्यासारखेंच आहे. पण तें मत तिनें दिलें, तिला तें महाग पडलें होतें, म्हणून त्याची किंमत अधिक.

फाल्गुनांत ते निघाले. “मी जातो” म्हणूं नये, “येतो” म्हणावें, हें त्यांस व्याकरणानें नव्हे तर आजीनें शिकविलें होतें. ते “येतो” म्हणून गेले आणि परत कांहीं येणें झालें नाहीं.

चार वर्षांनीं आजी वारली. आम्ही पत्र घातलें. त्या काळच्या टपालानें तें पोहोंचून उत्तर येण्यास दीड महिना लागला. उत्तर मोठ्या, वाटोळ्या देवनागरी अक्षरांत होतें. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या. “आपली आजी गेली, हें वाचलें,” असें लिहून पुढें विचारलें होतें कीं, येथें बाहेर बर्फ आहे, वार्ता कळतांच मीं स्नान केलें आहे. मला आणखी किती दिवस पाळावे लागतील तें कृपा करून कळवावें.

तीर्थरूपांनीं फडताळांतून धर्मसिंधु काढला. परक्या मनुष्यास स्नानानें शुद्धि. घरच्या सपिंडास दहा दिवस उलटून गेल्यावर, परंतु तीन महिन्यांच्या आंत वार्ता कळल्यास तीन रात्रीं. पोथी मिटून त्यांनीं चष्मा पुसला, आणि पोष्टाच्या निळ्या कागदावर उत्तर लिहिलें: तीन दिवस पाळावे.