माधुरीताईंची चित्रे

राजा म्हटला की मुकुट, राक्षस म्हटला की सुळे आणि आई म्हटली की सदा हसतमुख. एवढे दाखविले म्हणजे मुलांच्या पुस्तकातील चित्रकाराचे कर्तव्य संपले, अशी समजूत आपल्याकडे फार दिवस चालत आली. लहानपणी आम्ही पाठ्यपुस्तकातील चित्रे पाहत असू, ती केवळ धडा किती उरला याचा अंदाज घेण्यासाठी. श्रीमती माधुरी पुरंदरे यांची पुस्तके घरात आल्यापासून चित्राकडे पाहण्याची आमची रीत पालटली आहे.

माधुरीताईंचा जन्म १९५२ सालचा. वडील शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे. आई निर्मलाताई यांनी ‘वनस्थळी’ संस्थेच्या द्वारे खेड्यापाड्यांतील स्त्रियांस बालवाडी चालविण्याचे शिक्षण दिले. माधुरीताई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, पुढे पॅरिसला गेल्या. त्यांनी पिकासोचे चरित्र लिहिले, बेकेटचे नाटक मराठीत आणले, गायन व रंगभूमी यांतही नाव मिळविले. असे माणूस मुलांच्या पुस्तकांकडे वळले की लोक त्यास फावल्या वेळचा उद्योग समजतात. आम्हांस तसे वाटत नाही. पिकासो पचविलेल्या हातासच घरातले साधे माणूस साधेपणाने काढता येते.

‘वाचू आनंदे’मध्ये त्यांनी मराठीतील निवडक उतारे दिले आणि त्यांच्या शेजारी नामवंतांची चित्रे, शिल्पे, लोककला यांस जागा दिली. ‘राधाचं घर’ व ‘यश’ यांत लेखणी आणि कुंचला दोन्ही त्यांचेच. त्यामुळे चित्रात जे दिसते ते शब्दांनी पुन्हा सांगण्याची पाळी येत नाही. साहित्य अकादमीने २०१४ साली त्यांस बालसाहित्य पुरस्कार दिला. आमचे मन मात्र ‘चित्रवाचना’वर जडले आहे. त्यात गोष्ट छापलेली नाही. चित्र पाहून ती मुलाने सांगावयाची.

हे पुस्तक रेणापुरास आणले तेव्हा घरात प्रश्न निघाला, ‘वाचायला काही नाही, मग पैसे कशाचे?’ प्रश्न गैर नव्हता. आमच्या वडिलांची शाळा निजामाच्या अमलातील, उर्दू माध्यमाची. मराठी अक्षरे त्यांनी घरी पोथीवरून गिरविली. अशा घरात अक्षराचा मान मोठाच असावयाचा.

शेजारच्या वस्तीवरील एक सात वर्षांचा मुलगा दुपारी आमच्या ओसरीवर येतो. दिवाळी सरली की त्याचे आईबाप ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. तेवढे दिवस त्याची शाळा बुडते. जोडाक्षर लागत नाही म्हणून ‘ढ’ ही पदवी त्यास लवकरच मिळाली. पुस्तक पुढे ठेवताच त्याने हात मागे घेतला. वाचावयाचे नाही, नुसते पाहावयाचे आहे, असे सांगितल्यावर तो पालथा पडून पाहू लागला. ‘हिला लई घाई हाय. ह्यो उगंच उभारलाय, काम सांगितलं की पळंल.’ पाऊण तास त्याचे बोलणे थांबेना. नजरांचा रोख आणि हातांची ठेवण यांवरून तो एकेक माणूस ओळखीत होता. चित्रकर्तीने ते सारे तेथे ठेवले होते, म्हणूनच त्यास ते सापडत होते.

शेवटी त्याने विचारले, ‘ह्यात कोपी कुठंय?’

उसाच्या फडाशेजारची पाचटाची कोपी त्यात नव्हती. माधुरीताईंची घरे बहुधा शहरातील मध्यम स्थितीच्या कुटुंबांची. यास आम्ही दोष म्हणणार नाही. न राहिलेल्या कोपीचे चित्र त्यांनी काढले असते, तर नाटकाच्या पडद्यावरील झोपडी झाली असती. आणि तसल्या झोपड्या मराठी पुस्तकांत काय थोड्या आहेत? पण कोपीत वाढलेल्या एखाद्याने ती काढावी, आणि ते पुस्तक लातूरच्या दुकानात मिळावे, ही मागणी कोणी करावयाची? दरसाल मराठवाड्यातून आईबापांमागे फडावर जाणारी मुले काही थोडीथोडकी नाहीत.

यंदाही तो मुलगा टोळीबरोबर गेला. पुस्तक त्याने मागितले नव्हते, आम्हीच दिले. त्याच्या आईने ते पिठाच्या डब्याशेजारी पिशवीत घातले. पाडव्यानंतर ती मंडळी परततील, तोवर ‘पाचवी गल्ली’ मागवून ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.