मालवणचा समुद्र पाण्याखालून पाहायचा तर कुठे आणि केव्हा

आम्हा जुन्नर-आंबेगावच्या माणसांचे पाण्याशी नाते विहिरीचे आणि धरणाचे. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकायचे, आणि पाहुणे आले की माणिकडोह किंवा डिंभे दाखवायला न्यायचे. हे पाणी गोडे, जागच्या जागी थांबणारे. खरे तर समुद्र आम्हाला अगदीच परका नाही. नाणेघाट उतरून जुन्नरचा माल दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जात होता, आणि समुद्रापलीकडच्या हबशी मुलखातून आलेल्या मलिक अंबरने निजामशाहीचा कारभार काही काळ जुन्नरहूनच चालवला. पण ते इतिहासाच्या तासाला. आज आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी समुद्र फक्त मोबाइलवर पाहिलेला असतो.

त्याच मोबाइलवर लक्षद्वीप-अंदमानचे निळे पाणी दिसते आणि घरोघरी हट्ट सुरू होतो. पाच माणसांचे विमानभाडे काढले की हट्ट मालवणवर येऊन थांबतो. माझ्या मते त्यात काही कमीपणा नाही. जुन्नरहून पुणे, कोल्हापूर, फोंडाघाट, कणकवली असा पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे. पहाटे फज्र पढून निघालो तर मगरिबच्या सुमारास पोहोचतो.

मालवणात उतरताच "स्नॉर्कलिंग, स्नॉर्कलिंग" असा पुकारा सुरू होतो आणि पहिल्या होडीत बसावेसे वाटते. पण सगळीकडचे पाणी सारखे नसते. मासे आणि पोवळी खडकावर असतात, वाळूवर नाही. म्हणून लांबलचक पांढरा किनारा फोटोला छान, पण तोंडाला मास्क लावून खाली पाहिले तर वाळूच वाळू. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथले त्सुनामी बेट खेळायला मजेचे आहे, पण नदीमुखाशी गाळ असल्याने पाण्याखाली फारसे दिसत नाही. शिवाय ओहोटीला तिथे ओढ असते. मुलांना तिथे मास्क लावून सोडू नये.

दिसते ते सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अवतीभवती. 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटावर बांधलेल्या या किल्ल्याभोवती खडकांची रांग आहे, आणि त्यांच्यावर जिवंत प्रवाळ आहेत. 1987 पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे. मासेमारीवर बंधने येतील म्हणून स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि त्यांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. आपण मात्र पाहुणे. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जीव आहे. त्याच्यावर उभे राहू नये, तुकडा तोडू नये (तो कायद्यानेही गुन्हा आहे), आणि मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव टाकू नये. होडीवाला टाकू लागला तरी "भाऊ, नको" म्हणावे.

ज्यांना होडी नको, त्यांच्यासाठी मालवणातलेच रॉक गार्डन. ओहोटीला तिथल्या खडकांत लहान लहान डबकी उरतात आणि त्यांत खेकडे, शंख, छोटे मासे उभ्या उभ्या दिसतात. आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या एका डबक्याशी तासभर रमल्या होत्या. शेवाळावर पाय घसरतो, तेवढे जपावे.

कोणी आंग्रिया बँकचे नाव घेतले तर भुलू नका. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून आत असलेले ते प्रवाळांचे पठार फार मोठे आहे, पण त्याचा वरचा भागसुद्धा पाण्याखाली वीस मीटरवर आहे. नळी लावून तरंगणाऱ्याला तिथे काही दिसणार नाही.

आता वेळ. इथे चांदची तारीख ध्यानात ठेवण्याची आपल्या घरांची सवय कामी येते. चांद 1-2 आणि 15-16 च्या सुमारास समुद्राला उधाण असते, म्हणजे ओढ जास्त आणि पाणी गढूळ. 8-9 आणि 23 च्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य. कोकणात जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ. आपली तारीख तिथीपेक्षा साधारण एकाने मागे, म्हणून एक मिळवावा आणि बेरीज पंधरावर गेली तर पंधरा वजा करावेत. चांद 10 असेल तर 11 ची पाऊणपट, सव्वाआठ. हा हिशेब मुंबईकडचा, मालवणला भरती थोडी आधी येते. भरतीबरोबर बाहेरचे स्वच्छ पाणी आत येते, म्हणून सकाळी भरती असलेले चांद 10-11 किंवा 25-26 हे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात. पक्की वेळ होडीवाल्याला विचारावीच. दुपारी खारा वारा वाढतो आणि लाटा उठतात, हे सातवीच्या मुलालाही ठाऊक असते. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

मेअखेर टाळावी. 24 मे 2022 रोजी तारकर्लीत स्कूबा करून परतणारी 20 पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे गेले. त्याआधी, 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्यांत आपल्या घरांतल्या मुलीही होत्या. तेव्हापासून आमच्याकडे कित्येक अब्बूंनी मुलींच्या सहलीच्या परवानगीपत्रावर सही करणेच सोडले. मुलींना किनाऱ्यावर बसवून ठेवणे हा मला उपाय वाटत नाही. लाइफ जॅकेट किनाऱ्यावर घालून किनाऱ्यावरच उतरवायचे, होडीत माणसे मोजून घ्यायची, आणि पोहता येत असले तरी मार्गदर्शकाच्या रिंगला धरून राहायचे, हा उपाय आहे.

पोशाखाचे अनेक बहिणी विचारतात. सुती सलवार-कमीज पाणी पिऊन जड होते आणि ओढणी तर पाण्यात धोक्याचीच. लायक्राचा पूर्ण अंगाचा, टोपीसह पोहण्याचा पोशाख आता सहज मिळतो. वरून जॅकेट असतेच. स्कार्फची कड किंवा केस मास्कच्या रबराखाली आले की पाणी आत शिरते. पुरुषांच्या जाड मिशीनेही तेच होते, तेव्हा मिशा बारीक ठेवण्याच्या सुन्नतीचा इथे रोकडा फायदा! मार्गदर्शक बहुधा पुरुषच असतात. त्यामुळे होडी पूर्ण आपल्या कुटुंबाची घ्यावी आणि बायकांबरोबर घरचाच माणूस पाण्यात राहील हे आधी बोलून ठरवावे. आमचा तांडेल ते सांगताच म्हणाला, "ताई, रोजचंच आहे, काळजी नको."

पाण्यातून आल्यावर भूक कडकडून लागते. सुरमई, बांगडा, पापलेट यांवर कुणाचाच आक्षेप नाही. कुर्ल्या आणि तिसऱ्या समोर आल्या की मात्र आमच्यासारखी हनफी घरे ताट सरकवतात आणि कोकणातले शाफई पाहुणे ते हसत आपल्याकडे ओढतात.