आमचे इच्छापत्र

मध्यमवर्गीय माणूस दोन गोष्टी कायम पुढे ढकलतो. एक, दाताच्या डॉक्टरकडे जाणे आणि दुसरी, मृत्युपत्र करणे. त्यातल्या त्यात दात निदान स्वतःच ठणकून आठवण करून देतो. मृत्युपत्र ज्याने करायचे, तो वेळ येते तेव्हा ठणकण्याच्या पलीकडे गेलेला असतो. मग ठणका लागतो तो मागे राहिलेल्यांना.

मी घरात हा विषय काढला तेव्हा हिने पळी आपटली. "तिन्हीसांजेला मेलं काय अभद्र बोलायचं!" 'इच्छापत्र' म्हटल्यावर मात्र ती निवळली. "मग करा की. तुमच्या इच्छा निदान कागदावर तरी येऊ देत."

वकीलसाहेबांनी मालमत्तेची यादी मागितली. दादरची दोन खोल्यांची ओनरशिपची जागा, बँकेतल्या ठेवी, मूठभर शेअर्स आणि वडिलांच्या वेळचा तांब्याचा बंब. साहेबांनी यादी वाचली आणि आणखी काही असेल म्हणून कागद उलटून पाहिला.

"ठेवींना हिचं नाव नॉमिनी म्हणून लावलेलं आहे," मी घाईघाईने सांगितले.

"नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतसुद्धा सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली हेच सांगितलंय."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नात आहेराची पाकिटे सांभाळायला एक मामा बसवतात. पाकिटे त्याच्या मांडीवर, पण पैसे त्याचे नव्हेत. नॉमिनी म्हणजे तो मामा!

"आणि इच्छापत्र केलंच नाही तर?"

"तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा. वहिनी, मुलगा, मुलगी, तिघांना सारखे हिस्से. उद्या मुलांनी जागा विकायची म्हटली तर वहिनी कुठं जातील?"

"छे हो, आमची मुलं तशी नाहीत."

"या खुर्चीत बसणारा प्रत्येक बाप हेच म्हणतो. आणि खरंच, मुलं तशी नसतात. दादरचा भाव तसा असतो."

घरी येऊन मी मनातल्या मनात दोन खोल्यांचे तीन भाग पाडून पाहिले. चाळीस वर्षे जिने सबंध घर सांभाळले, तिच्या वाट्याला फार तर स्वयंपाकघर आणि मोरी येत होती. तिथे ती आजही होतीच. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी साहेबांना फोन केला, "सबंध जागा हिच्या नावे लिहा."

कायद्याला साक्षीदार दोन लागतात. पण ज्यांना काही मिळायचे आहे ते नकोत आणि वयाने तुमच्याहून लहान बरे, असे साहेब म्हणाले. त्यामुळे आमचा सबंध कट्टा बाद झाला. मी शुद्धीवर आणि स्थिरबुद्धी असल्याचा डॉक्टरांचा दाखलाही जोडला. हिने तो दोनदा वाचला आणि विचारले, "किती पैसे घेतले हो त्यांनी?"

राहता राहिले प्रोबेट. इच्छापत्र खरे असल्याचा हा कोर्टाचा शिक्का. मुंबईतल्या जागेसाठी आम्हा हिंदूंना तो सक्तीचा असे, पुण्यातल्या पुणेकराला मात्र नसे. पुणेकराचा शब्द प्रमाण, मुंबईकराचा तपासून घ्यायचा! पुणेकरांना यात नवल वाटले नसावे. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने ही सक्ती काढून टाकली. "पण उगाच हुरळू नका," साहेब म्हणाले. "सक्ती गेली, भाऊबंदकी गेलेली नाही. कुणी हरकत घेतली तर कोर्ट आहेच."

रविवारी मुलांना बोलावून सगळे वाचून दाखवले. जागेबद्दल दोघांनीही ब्र काढला नाही. मुलीने तर आईचा हात धरला. माझा घसा दाटून आला, तेवढ्यात मुलाने विचारले, "बाबा, बंब कुणाला?"

"मला," मुलगी म्हणाली.

"का म्हणून?"

बंबावरून अर्धा तास रण माजले. शेवटी ही उठली.

"बंब कुठं जायचा नाही. या घरातच राहील. आणि घर माझं आहे!"

इच्छापत्र अमलात येते ते करणारा गेल्यावर, असे वकीलसाहेबांनी मला चारचारदा बजावले होते. हिला ते कलम मान्य नाही.